घोगरीचा गेन

मीटरवर एकाहत्तर आकडा आला आणि मला लाज वाटली.

पुन्हा लावून बघितला. ट्रान्झिस्टरचे तिन्ही पाय सरळ केले, मीटरच्या भोकांत नीट बसवले, श्वास रोखून थांबले. एकाहत्तर. मग दुसरा लावला. एकशे अठरा.

"काय गं, कोण नापास झालं?" आईनं स्टोव्हपुढून विचारलं. माझ्या तोंडावरून तिला तेवढं कळलं असणार.

"दोघंही," मी म्हटलं.

सोमवारची दुपार होती. दादा पहिल्या पाळीला मागावर गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्याला कोल्हापूरला जायचं होतं, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. आणि हे दोन ट्रान्झिस्टर मी काढले होते ते त्याच्या घोगरीतून.

घोगरी म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

माझा भाऊ दिगंबर मुसळे. इचलकरंजीत यंत्रमाग चालवायचा आणि गणपतीत, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. मी त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. दहावीनंतर घरी बसले आणि रेडिओ उघडायला लागले. मला कुणी शिकवलं नाही. दादा शुक्रवारच्या बाजारातून मेलेले रेडिओ उचलून आणायचा आणि माझ्यापुढं ठेवायचा. "घे, फाड." मी अकरा रेडिओ फाडले. बारावा बोलला. त्यानंतर गल्लीतले लोक आपले रेडिओ घेऊन यायला लागले आणि आईनं मला भाकरी शिकवायचा नाद सोडला.

एकदा दादानं कुठूनशी एक कॅसेट आणली. तीत कुणीतरी परदेशी माणूस गिटार वाजवत होता आणि तिचा आवाज घसा बसल्यासारखा येत होता. "शाले, असा आवाज काढून दे," दादा म्हणाला, जसं काही मी दुकानातून आणून देणार होते. वाचनालयातल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात मला तसल्या डबीचा नकाशा सापडला. फझ म्हणतात तिला. गिटार आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये जोडायची. आत दोन ट्रान्झिस्टर, थोडे रेझिस्टन्स, कपॅसिटर आणि एक बॅटरी. गिटारचा आवाज ती इतका फुगवते की तो फाटतो. किती फुगवायचा आणि कसा फाडायचा, ते त्या दोन ट्रान्झिस्टरवर असतं.

सुपारीच्या पत्र्याच्या डब्यात मी ती बनवली. ट्रान्झिस्टर मेलेल्या रेडिओंतले, जुन्या जर्मेनियमचे, बोटाच्या पेराएवढे, पत्र्याची टोपी घातलेले. वीसेक होते. त्यांतला कुठला कसा, हे मोजायला माझ्याकडं काही नव्हतं, म्हणून एका रविवारी दादा गिटार घेऊन बसला आणि मी एकेक जोडी लावत गेले.

"हा नको. बेडूक बोलतोय."

"हा?"

"मिणमिण करतोय. आजारी हाय काय?"

"आणि हा?"

यावेळी तो थांबला नाही. वाजवतच राहिला. आई ओल्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, "कोण रडतंय?"

तीच जोडी आम्ही ठेवली. त्या दिवसापासून डबीचं नाव घोगरी.

तिचं एक लक्षण होतं. गिटारवरची आवाजाची चावी पुरती चढवली की ती फाटून यायची, आणि चावी जरा उतरवली की हळूहळू मोकळी व्हायची, घसा साफ होतो तशी. दादा गाणं चालू असताना उजव्या हाताच्या करंगळीनं ती चावी वरखाली करायचा. लोकांना वाटायचं, गिटारमध्ये बाई बसली आहे.

चिवटे मास्तरांनी ती ऐकली आमच्याच गावात, गणपतीच्या कार्यक्रमात. मराठी सिनेमांना संगीत द्यायचे. कार्यक्रम संपल्यावर मंडपामागं येऊन दादाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुला बोलावीन."

त्यानंतर चार महिन्यांनी मागावरचा धोटा उडाला. धोटा म्हणजे बाण्याची, आडव्या धाग्याची कांडी घेऊन मागात इकडून तिकडं धावणारं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी अणी असलेलं. कधीकधी तो वाट सोडून बाहेर उडतो. कुणाचा डोळा जातो, कुणाचा दात. दादाच्या डाव्या हाताचं मधलं बोट गेलं. म्हणजे तुटलं नाही, दोन ठिकाणी मोडलं. गिटारच्या तारा दाबायचं बोट.

प्लास्टर निघालं तेव्हा ते बोट लाकडाचं झालं होतं. कोल्हापूरला प्लास्टर काढायला गेला आणि येताना माझ्यासाठी मीटर घेऊन आला. नवा, आकडे दाखवणारा, ट्रान्झिस्टरचा गेन मोजायची भोकं असलेला. "तू आता आंधळी नको काम करूस," म्हणाला. स्वतःसाठी एक रबरी चेंडू आणला होता. तो चेंडू तो पाच महिने दाबत राहिला, जेवताना, चालताना, आईशी भांडतानासुद्धा. सुरुवातीला नुसती तार दाबायला लावली की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. नंतर येईना. पावसाळा संपता संपता तो पूर्वीसारखा वाजवत होता. मी शेजारच्या खोलीतून ऐकायची ना, मला कळत होतं. त्यालाच खात्री नव्हती.

आणि मग मास्तरांचा निरोप आला. मंगळवारी ये, घोगरी घेऊन ये.

तर त्या सोमवारी, आदल्या दिवशी, मी म्हटलं, डबी एकदा तपासून द्यावी. नवा मीटर होता. हातात नवा मीटर असला की माणूस मोजत सुटतो.

गेन म्हणजे आत आलेला बारीकसा प्रवाह ट्रान्झिस्टर किती पटीनं मोठा करून देतो, तो आकडा. एवढंच मला ठाऊक होतं. माझ्या मते आकडा म्हणजे मार्क. माझ्या खणात नवे काळ्या प्लास्टिकचे सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर पडून होते, ते लावून बघितले. चारशे साठ. चारशे ऐंशी. आणि माझ्या भावाला मी दोन वर्षं एकाहत्तरवर वाजवायला लावत होते! भंगारातला माल! मास्तरांपुढं!

मी इस्त्री तापवली. सोल्डरिंगच्या कावियाला आमच्या घरात सगळे इस्त्रीच म्हणायचे. जुने दोन काढले, नवे दोन बसवले. आवाज आला नाही म्हणून एक रेझिस्टन्स बदलला. मग दादाची गिटार जोडून, मला वाजवता येत नाही तरी, एक तार छेडली. रेडिओच्या स्पीकरमधून असा काही दणका आला की आईच्या हातातला चिमटा पडला.

"अगं बया! भिंत पाडतीस का काय?"

मी खूश. केवढा मोठा, केवढा लांब आवाज! दादाला सांगितलं नाही. म्हटलं, उद्या तिथंच त्याला कळू दे. जुने दोन टाकवेनात, ते चॉकलेटच्या चांदीत गुंडाळून पर्समध्ये ठेवले.

पाळी संपवून दादा घरी आला. केसांत कापसाचे तंतू, हातात चेंडू. डबी पुसून ठेवलेली बघून म्हणाला, "तपासलीस?"

"तपासली. एकदम फर्स्ट क्लास."

"मग माझंच राहिलं तपासायचं." त्यानं डावा हात समोर धरला, मधलं बोट वाकवलं, सरळ केलं. "शाले, उद्या कळंल बघ. हात परत आलाय का नुसतं मला तसं वाटतंय, ते उद्या कळंल."

"आलाय. मी ऐकते की रोज."

"तू बहीण हाईस. तुझं काय खरं?"

"आणि नाही आला तर?" आई मध्येच म्हणाली. आईला असले प्रश्न पडायचेच.

"तर गिटार बंद," दादा म्हणाला. "अर्धवट वाजवून लोकांची सहानुभूती घेत बसणार न्हाई मी. माग हायेच."

* * *

मी बरोबर गेले. स्टुडिओ मी कधी बघितला नव्हता, आणि दादा म्हणाला, डबीला काही झालं तर डॉक्टर जवळ असलेला बरा.

मोठी खोली, भिंतींना गोणपाटासारखं कापड, मध्ये काच, काचेपलीकडं रेकॉर्डिंग करणारे इनामदार. चार व्हायोलिनवाले, एक तबला, एक म्हातारे क्लॅरिनेटवाले. मास्तर साठीचे होते. ऐकताना तोंड उघडं ठेवायचे, लहान मूल गोष्ट ऐकतं तसं.

"हीच का ती?" त्यांनी सुपारीचा डबा उलटापालटा केला. "कुणी केली?"

"हिनं. माझी बहीण, शालन," दादा म्हणाला.

"तू? कुठं शिकलीस?"

"घरीच."

"इनामदार, ऐकताय का?" मास्तर काचेकडं बघून ओरडले. "आपला मिक्सर महिनाभर खरखरतोय, पुण्याचा माणूस येतो येतो म्हणतोय, आणि इथं ही मुलगी सुपारीच्या डब्यात काय काय करतेय!"

इनामदार बाहेर आले. डबीचं झाकण न उघडताच त्यांनी मला चार प्रश्न विचारले. मी तिनांची उत्तरं दिली आणि चौथ्याला माहीत नाही म्हटलं. तेच त्यांना आवडलं असावं. "सोमवारपासून येत जा," ते म्हणाले. "आधी एक महिना बघू. काम चोख पाहिजे. मागच्यानं न विचारता एक पार्ट बदलला आणि दोन दिवसांचं रेकॉर्डिंग वाया गेलं. त्याला त्याच दिवशी घरी पाठवला."

मी मान हलवली. दादाचा चेहरा मला अजून दिसतो. त्याचंच काम झाल्यासारखा हसत होता.

मग मास्तरांनी त्याला जागा दाखवली. आठ मात्रांचे चार तुकडे होते, फक्त गिटारचे. "नवरा गेलाय. बाई सगळं उरकून घरी येते आणि पहिल्यांदा एकटी दार उघडते. मला रडणं नकोय. रडून झाल्यावर माणूस बोलतो ना, तो आवाज. मंडपात काढला होतास तो."

"हो मास्तर."

दादानं डोळे मिटले आणि पहिला सूर लावला.

तो आवाज आठवला तरी माझ्या दातांत कळ येते. पत्र्यावर खिळा ओढावा तसा. दोन सुरांच्या मध्ये तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चर्र. दादानं डोळे उघडले. तार तपासली, पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच.

"घाई नाही," मास्तर म्हणाले. "हात गरम होऊ दे."

तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. बोट तारेवरून सरकताना जी बारीक घसर होते, कुणाच्याही हातून होते, ती जुनी घोगरी गिळून टाकायची. ही प्रत्येक घसर किंचाळून सांगत होती. जितकी ती किंचाळायची तितकं दादा बोट जास्त दाबायचा, आणि जितकं दाबायचा तितकं ते जास्त घसरायचं.

मला तरी वाटत होतं, असेल, बोटच असेल. मीटर खोटं कशाला बोलेल?

"गिटारची चावी जरा उतरव बघू," मास्तर म्हणाले. "तिथं ती मोकळी व्हायची."

दादानं करंगळीनं चावी उतरवली. आवाज लहान झाला, पण मोकळा झाला नाही. तीच किरकिर, फक्त लांबून. भिंतीपलीकडचं भांडण ऐकू यावं तशी.

तेव्हा मला कळलं. चावीला ते बोट नव्हतं लागत. मोडलेल्या बोटाचा आणि त्या चावीचा काही संबंध नव्हता. तो माझ्या चारशे साठचा आवाज होता.

आज मी हे कुणालाही दोन वाक्यांत समजावून देते. कमी गेनचा ट्रान्झिस्टर हळू बोलल्यावर हळू उत्तर देतो आणि ओरडल्यावर हळूहळू फाटतो, त्याला मध्ये पायऱ्या असतात. जास्त गेनवाल्याला पायऱ्या नसतात. तुम्ही तोंड उघडायच्या आत तो ओरडून मोकळा. अशी माणसं आमच्या नात्यातही आहेत. पण त्या दिवशी मला एवढं समजावता आलं नसतं. फक्त कळलं होतं.

इनामदारांच्या टेबलावर काविया तापत होता. त्यावर जळणाऱ्या राळेचा वास मला येत होता. माझ्या पर्समध्ये चांदीच्या कागदात एकाहत्तर आणि एकशे अठरा होते. दहा मिनिटांचं काम.

मी उठून उभी राहिले.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मास्तरांनी, व्हायोलिनवाल्यांनी, काचेपलीकडून इनामदारांनी. "काय गं?" मास्तर म्हणाले.

"पाणी मिळेल का?" मी म्हटलं.

कोपऱ्यात माठ होता. मी पाणी प्यायले. पेला उपडा ठेवून परत येऊन बसले.

सातव्या वेळी दादाचं बोट जरासं सरकलं आणि डबीनं असा हंबरडा फोडला की तबलावाले दचकले. दादानं हात तारांवरून उचलला आणि त्याच्याकडं बघत राहिला, जणू तो कुणा दुसऱ्याचा हात होता.

"माझंच बोट हाय, मास्तर," तो म्हणाला. "ते बसत न्हाई."

"कच्चं आहे अजून." मास्तर फार चांगले माणूस होते, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा दोष नाही. वर्षभरानं ये. दार उघडं आहे."

ते चार तुकडे क्लॅरिनेटवाल्यांनी वाजवले. उभ्या उभ्या, एकदाच.

* * *

परतीच्या गाडीत दादा सगळा वेळ माझ्याशी नोकरीबद्दल बोलत होता. सकाळची कुठली गाडी बरी, डबा कुठला न्यायचा. घरी पोचल्यावर आईला म्हणाला, "शालनला लागली नोकरी! स्टुडिओत!" गल्लीत सांगत फिरला. डावा हात खिशात होता.

"आणि तुझं?" आईनं विचारलं.

"माझं कळलं की."

मी त्याला बुधवारी सांगणार होते. मग गुरुवारी. गुरुवारी तो दुसऱ्या पाळीला होता असं मी स्वतःला सांगितलं, पण दुपारपर्यंत तो घरातच होता, माझ्यासमोर जेवला. खरं असं की सोमवार जवळ येत होता. दादाला सांगितलं तर तो मास्तरांना सांगणार, मास्तर इनामदारांना, आणि इनामदार मला त्याच दिवशी घरी पाठवणार. न विचारता बदललेला पार्ट. तेवीस वर्षांची होते. घरात बसून शेजाऱ्यांचे रेडिओ उघडण्यापलीकडं माझ्यापुढं दुसरी वाट पहिल्यांदाच आली होती.

शुक्रवारी दादानं गिटार जयसिंगपूरच्या एका बँडवाल्याला देऊन टाकली.

शनिवारी मी घोगरीत जुने ट्रान्झिस्टर परत बसवले. मग लक्षात आलं, वाजवून बघायला घरात गिटारच नाही.

* * *

त्या स्टुडिओत मी आठ वर्षं काम केलं. नंतर तो बंद पडला, मी कोल्हापुरातच भाड्यानं गाळा घेतला आणि फझच्या डब्या बनवून विकायला लागले. आता पुण्याहून, बेंगळुरूहून, शिलाँगहून पोरांचे फोन येतात. "मॅडम, हाय गेन पाहिजे." मी म्हणते, आधी सत्तरवाला ऐक, मग बोल. मोजून, ऐकून, जोड्या लावून देते. लग्न केलं नाही, त्याला काही मोठं कारण नाही. दादानं केलं. पद्मा वहिनी शांत, कष्टाळू. दोन मुली झाल्या. दादा मागाचा जॉबर झाला, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. गाव म्हणायचं, दिगंबर हात लावतो आणि माग चालतो.

गिटारचं नाव त्यानं कधी काढलं नाही. दुसऱ्याच्या लग्नात ऑर्केस्ट्रा असला की जेवून लवकर निघायचा.

एकोणीस वर्षांनी एका पेपरात माझ्यावर लेख आला. फोटोसकट. मी रविवारी इचलकरंजीला गेले तर दादा कट्ट्यावर बसून तोच पेपर वाचत होता. मागाच्या खडखडाटात जन्म गेलेल्या माणसासारखा तो मोठ्यानंच बोलायचा.

"ये, ये, फेमस बाई! हे बघ काय लिवलंय. पहिली डबी भावासाठी बनवली. माझंबी नाव छापायचं की गं!"

"छापतो म्हणाले होते," मी म्हटलं. मी नको म्हटलं होतं.

"असू दे." त्यानं पेपर मांडीवर ठेवला. "तुला एक सांगू का शाले? मी त्या दिवसाला कधी नावं ठेवली न्हाईत. मंगळवार होता. माझा हात त्या दिवशी गेला, पण त्याच दिवशी तुझं झालं. एकाच घरात एकाचं गेलं, एकाचं आलं. मग वाया काय गेलं? काहीच न्हाई. असं मनाशी म्हणून मी झोपतो, इतकी वर्षं."

एरवी मी कदाचित अजूनही बोलले नसते. पण तो ते असं हसत म्हणाला, मला बरं वाटावं म्हणून.

"दादा, हात गेला नव्हता."

"आँ?"

"डबी बिघडली होती. मी बिघडवली होती. आदल्या दिवशी आतले ट्रान्झिस्टर बदलले, मीटरवर आकडा कमी आला म्हणून. मला वाटलं जास्त आकडा म्हणजे चांगला. ती किरकिर त्यांची होती. तुझ्या बोटाची नव्हती."

 वहिनी आत भांडी लावत होती, त्याचा आवाज येत होता.

"कधी कळलं तुला?"

"तिथंच. चावी उतरवलीस तेव्हा."

"तिथंच?"

"जुने ट्रान्झिस्टर माझ्या पर्समध्ये होते. पण मला नोकरी—"

  मी वाट बघत होते, तो ओरडेल, पेपर फेकेल. फेकला असता तर बरं झालं असतं. त्यानं पेपराची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग डावा हात समोर धरला. मधलं बोट वाकवलं. सरळ केलं. परत वाकवलं.

"म्हणजे हात बरा होता?" तो म्हणाला. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्याला त्याआधी ऐकलं नव्हतं.

"बरा होता, दादा."

"पहिल्यापासनं?"

"पावसाळ्यापासून."

तो हातावर नजर लावून बसला. एकोणतिसाव्या वर्षी सोडलेला हात आता अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, पेरं जाड झाली होती, नखांत ग्रीस बसलं होतं.

"मी ह्याला काय काय बोललो, शाले," तो म्हणाला.

आतून वहिनीची पावलं वाजली. दादानं झटक्यात माझ्याकडं बघितलं. "तिला यातलं काही बोलू नकोस."

"का?"

"नको."

वहिनी वाटी घेऊन बाहेर आली. वाटीत कोमट केलेलं तिळाचं तेल होतं. "वन्सं, बसा हं, चहा ठेवलाय. आधी यांचं उरकून घेते," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी कट्ट्यावर टेकली. "रविवारी जरा निवांत चोळता येतं. लग्न झाल्यापासून एक दिवस चुकवला नाही मी. अधू बोट, थंडीवाऱ्यात आखडतं. आता बघा कसं वळतं! आधी यांना वाटायचं, ह्यात जीवच नाही."

तिनं त्याचा डावा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. मधलं बोट मुळापासून टोकापर्यंत ती चोळायला लागली, सावकाश, एकेक पेर धरून.

"आज दुखतंय का हो?" तिनं विचारलं. "हात ओढून घेताय."

दादानं मान फिरवली आणि गल्लीकडं बघत राहिला.

"न्हाई," तो म्हणाला. "बरं वाटतंय. तू चोळ."